पोटाचं ऑपरेशन झालेली घोडी फळवायची असेल तर: कागदपत्रांपासून विण्यानंतरच्या नव्वद दिवसांपर्यंत

रेवाच्या पोटाखाली हात घातला की बोटांना आजही शिवण लागते. बेंबीपासून छातीच्या दिशेनं दीड वीत सरळ रेघ. तिच्या मागच्या टोकाला दोन बोटं आत जातील एवढी मऊ जागा आहे, आणि रेघेवरचे केस पांढरे उगवलेत. वयाच्या सातव्या वर्षी, भर वैशाखात, मोठ्या आतड्याला पीळ पडला म्हणून तिचं पोट उघडावं लागलं. घोडी वाचली. महिनाभरातच येणारा-जाणारा विचारायला लागला, "आता हिला फळवता येईल का?"

येतं. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या कित्येक घोड्या पुढे गाभण राहतात आणि धड शिंगरं देतात. पण नवा माणूस सगळा जीव "गर्भ राहील का" या प्रश्नात घालतो, आणि तो त्यातल्या त्यात सोपा प्रश्न आहे. ऑपरेशन बहुतेक वेळा आतड्यावर झालेलं असतं, गर्भाशयाला हातही लागलेला नसतो. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते: शेवटचे तीन महिने पोटाची भिंत ते ओझं पेलते का, आणि व्याल्यानंतरचे तीन महिने आतडं जागेवर राहतं का. म्हणून या लेखात माजापेक्षा या दोन काळांवर जास्त लिहिलंय.

आधी कागद मिळवा

घोडीला नेमकं काय झालं होतं, कुठलं आतडं, कापलं की नुसतं सरळ केलं, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. "पोटाचं ऑपरेशन" या दोन शब्दांत चार वेगळी भविष्यं दडलेली असतात.

मोठं आतडं सरकलं होतं किंवा पिळलं होतं आणि काहीही न कापता सरळ करून ठेवलं, तर आत चिकटण्याची भीती कमी. पण हाच आजार गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या घोड्यांना जास्त होतो. म्हणजे फळवून आपण तिला पुन्हा त्याच वाटेवर नेतोय, हे माहीत असू द्या.

लहान आतड्याचा तुकडा कापून जोड दिला असेल, तर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटण्याचा धोका जास्त. असं चिकटलं की त्रास शक्यतो पहिल्या काही महिन्यांतच दिसतो. वर्षभर घोडीनं एकदाही पोट धरलं नाही, तर ती चांगली खूण.

तिसरा प्रकार नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. वारंवार पीळ पडणाऱ्या घोडीचं मोठं आतडं काही सर्जन पोटाच्या भिंतीलाच टाके घालून बांधून टाकतात, तेही खास करून पैदाशीच्या घोडीत. अशी घोडी गाभण राहू शकते. फक्त पुढे तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे आधीच माहीत हवं, कारण त्या टाक्यांवर ताण येऊन आतडं फाटण्याची लहानशी जोखीम मागे राहते.

चौथा प्रकार आतड्याचा नाहीच. अंडाशयाची गाठ काढलेली घोडी उरलेल्या एका अंडाशयावर छान फळते. गाठीमुळे ते दुसरं अंडाशय मिटून गेलेलं असतं, त्याला जागं व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, तोवर धीर धरायचा. सिझेरियन झालेली घोडी मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे कात्री गर्भाशयावरच चाललेली असते. तो मोसम सोडून द्या आणि पुढच्या मोसमात पूर्ण तपासणी झाल्यावरच ठरवा.

रेवाला घरी आणलं तेव्हा रुग्णालयानं हातात दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: पोटशूळ, शस्त्रक्रिया, टाके अमुक तारखेला काढणे. बस. तिला फळवायचं ठरवल्यावर मी दोनदा तिथे हेलपाटे घातले, तासन् तास बसलो, तेव्हा कुठे ऑपरेशनच्या वेळी टेबलापाशी असलेल्या डॉक्टरांनी वहीतून वाचून दाखवलं. मोठं आतडं, पूर्ण वेढा नाही, काहीही कापलेलं नाही, आतड्याचा रंग सरळ केल्यावर दहा मिनिटांत परतला. ही शेवटची ओळ फार मोलाची होती. तुम्ही घोडी घरी नेतानाच ऑपरेशनची पूर्ण टिपणं मागून घ्या, फोटो काढून ठेवा.

घोडी बाजारातून घेतलेली असेल, तर कागद मिळण्याची आशा सोडा आणि हाताला कामाला लावा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडी बघताना लोक चाल बघतात, भोवरे बघतात, दात बघतात, पोटाखाली हात कुणीच घालत नाही. घाला. मालकाला घोडी धरायला सांगा, खांद्याला खांदा लावून उभे राहा आणि छातीपासून कासेपर्यंत मधल्या रेघेवर सावकाश तळहात फिरवा. शिवण, गाठ, मऊ खड्डा, पांढऱ्या केसांची रेघ, यातलं काही लागलं तर विचारा. खरं उत्तर देणारा मालक मिळाला, तर त्या घोडीचा विचार करायला हरकत नाही.

किती थांबायचं

पोटाच्या मधोमध चिवट पांढरा पट्टा असतो, चीर त्याच्यावरच दिलेली असते. तो भरून यायला साधारण दोन महिने लागतात. नेहमीचा क्रम असा: पहिला महिना ठाणबंद, फक्त दोरीवर चालवणं, दुसरा महिना लहानशा आवारात मोकळी, तिसरा महिना मोठ्या आवारात. त्यानंतर घोडी नेहमीच्या कामाला लागू शकते.

मग चौथ्या महिन्यात फळवली तर? पोटाच्या भिंतीच्या हिशेबानं ते चालून जाईल, कारण शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि तोवर वर्ष उलटलेलं असतं. पण मी थांबा म्हणेन. पोट पुन्हा दुखलं तर ते बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच दुखतं. तेव्हा पोटात गर्भ असला, तर घोडी आणि गर्भ दोन्ही पणाला लागतात. त्यात ऑपरेशन आणि उपासानं उतरलेली घोडी हाडं दिसत असताना फळवायची नसते. बरगड्या दिसू नयेत पण हात लावल्यावर लागाव्यात, शेपटीच्या मुळाशी थोडी चरबी हवी. माझा नेम सहा महिने, त्यातला एकही दिवस पोटशूळाचा नको. रेवाला मी दहा महिन्यांनी लावली.

शिवण आणि हर्निया

जखम चिघळली होती का, हे आठवून बघा. टाक्यांतून पू आलेल्या घोडीत पुढे हर्निया, म्हणजे शिवणीखालची भिंत सुटून भोक पडण्याची शक्यता कितीतरी पटीनं वाढते. हर्निया झालाच तर बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत दिसतो.

बोटांनी मोजा. रेवासारखी दोन बोटांची जागा असेल, वरची कातडी धड असेल, दाबल्यावर दुखत नसेल, तर घोडी शिंगरू पेलते. मुठीएवढं भोक असेल तर मी तरी तिला फळवणार नाही. डॉक्टरांकडून सोनोग्राफीनं त्या भोकाच्या कडा मोजून घ्या आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढे नवव्या महिन्यात तो आकडा पुन्हा लागणार आहे.

आतून तपासणी

आता पशुवैद्यक, लांब हातमोजा आणि सोनोग्राफीचं यंत्र. घोड्यांची सवय असलेलाच डॉक्टर गाठा. गाई-म्हशींच्या तपासणीत हात बसलेला माणूस कितीही हुशार असला, तरी घोडीचं गुदाशय नाजूक असतं आणि ते फाटलं तर घोडी जाते.

त्यांना तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत विचारा. गर्भाशय मोकळं हलतंय का, की कुठे अडकल्यासारखं ओढ घेतंय? दोन्ही अंडाशयं हाताला लागतात का? गर्भाशयात पाणी साचलंय का? नुसतं आतड्याचं ऑपरेशन झालेल्या घोडीत ही उत्तरं बहुधा चांगलीच येतात. पण गर्भाशय चिकटून एका बाजूला ओढलं गेलं असेल, तर लावल्यानंतर आतली घाण बाहेर पडत नाही आणि गर्भ टिकत नाही.

घोडी पंधराच्या पुढची असेल किंवा आधी कधी गाभडलेली असेल, तर गर्भाशयाच्या आवरणाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. त्याच्या चार श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीतल्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर धरतात, शेवटच्या श्रेणीत ती १० टक्क्यांच्या खाली जाते. ऑपरेशनवर एवढा खर्च झालाय, तर या तुकड्याचा खर्च टाळू नका.

ही घोडी ज्याला लावणार त्या नराचीही तपासणी मागा. ग्लँडर्स आणि सर्रा या दोन जीवघेण्या आजारांचा अहवाल हवाच. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्यात घोडं वाचवायची सोय नाही.

न फळवण्याचा निर्णय

दोनदा पोट उघडलेली घोडी, ऑपरेशननंतरही अधूनमधून पोट धरणारी घोडी, मोठा हर्निया असलेली घोडी: इथे मी थांबेन. दावणीला दात लावून हवा गिळायची खोड असेल तर दोनदा विचार करेन. त्या खोडीचं पोटशूळाशी नातं आहे आणि ती काही घराण्यांत जास्त दिसते.

अशा घोडीचं रक्त फारच मोलाचं असेल, तर भ्रूण प्रत्यारोपण हा रस्ता आता आपल्या देशात उघडला आहे. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात २०२३ साली मारवाडी जातीचं पहिलं शिंगरू या पद्धतीनं जन्मलं, त्याचं नाव राज-प्रथम ठेवलं. घोडी तुमची, पोट दुसऱ्या घोडीचं. तुमच्या घोडीला फक्त सातेक दिवस गर्भ सांभाळायचा असतो, मग तो धुऊन काढून पालक घोडीच्या गर्भाशयात ठेवतात. मारवाडी, काठियावाडी, भीमथडी घोडीवाल्यांनी हा विचार जरूर करावा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोडीवाल्यांना मात्र ही वाट बंद आहे. स्टडबुकमध्ये, म्हणजे जातीच्या वंशनोंदवहीत नोंद हवी तर शिंगरू नैसर्गिक लागातून आणि त्याच घोडीच्या पोटी जन्मलेलं असावं लागतं, कृत्रिम रेतनही चालत नाही.

मोसम आणि लाग

घोडी साधारण ३४० दिवस गाभण राहते, दोन-तीन आठवडे इकडेतिकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेली घोडी पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत विते. आपल्याकडे अशा घोडीला हाच मोसम द्यावा. जड पोटाचे महिने थंडीत जातात, विताना चिखल नसतो, पहिलं दूध पाजताना वैशाखवणवा नसतो. श्रावणात लावलेली घोडी ऐन आषाढात व्याली आणि रात्री ओढ्याला पूर आला, तर डॉक्टर येणार कसा?

माजाचं चक्र २१-२२ दिवसांचं, त्यातले पाच-सात दिवस घोडी नर घेते. अंडं सुटतं ते माज संपायच्या आधी दिवस-दोन दिवस. जुन्या पद्धतीत माज असेपर्यंत एक दिवसाआड लावत राहतात. या घोडीला तसं नको. सोनोग्राफीवर फॉलिकल (अंडं वाढतं ती अंडाशयातली पिशवी) ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलं, की अंडं सोडणारं इंजेक्शन देऊन एकाच लागात काम उरकता येतं. नराचं वजन शिवणीवर येत नाही, लोक उगाच घाबरतात. भीती असते ती झोंबाझोंबीची, लाथांची, घोडी मागच्या मागे बसण्याची. दोन्ही जनावरं दोरीवर धरून, ओळखीच्या जागी, शांतपणे लावा. मोकळ्या आवारात सोडून देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून गर्भाशयात पाणी राहिलंय का ते बघा. राहिलं असेल तर डॉक्टर धुऊन काढतील.

मग १४व्या ते १६व्या दिवसाची तपासणी. ही चुकवाल तर सगळं केलेलं वाया जाईल. गर्भ राहिला का, हे तर कळतंच, पण जुळं आहे का हे बघणं जास्त महत्त्वाचं. घोडीला जुळं पेलत नाही, आणि शिवलेल्या पोटाच्या घोडीला तर नाहीच नाही. सोळाव्या दिवसाआधी दोन्ही गर्भ हलत असतात, तेव्हा एक चिरडून टाकता येतो. पुढे गर्भ जागेवर बसला की ते अवघड होतं. ३५ दिवस उलटल्यावर गर्भ गेला, तर घोडी पुढचे तीन-चार महिने माजावरही येत नाही आणि मोसम हातचा जातो. २८व्या दिवसाच्या आसपास काळजाचा ठोका बघून घ्या.

अकरा महिन्यांचं पोट

खाण्यापिण्याचं सूत्र एकच आहे: काहीही एकदम बदलायचं नाही. नवा चारा, नवी चंदी (दाण्याचा खुराक), नवी गंज, प्रत्येक बदल दहा-चौदा दिवसांत थोडाथोडा.

चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोडीला रोज ६ ते ८ किलो कोरडा हिशेब. नुसत्या वाळक्या, जाड धाटांच्या कडब्यावर घोडी ठेवू नका, उन्हाळ्यात त्याचाच गोळा आतड्यात बसतो. हरळी, नेपियर, थोडं लसूणघास मिसळा. चंदी एका वेळी दोन किलोच्या वर नको, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) दोनचा तीनदा करा. गव्हाच्या कोंड्याचा आपल्याकडे फार सोस आहे. रोज पाटीभर कोंडा दिला तर त्यातलं फॉस्फरस हाडांतलं चुनखड ओढतं आणि पोटातल्या शिंगराला नेमकं तेच हवं असतं. मूठ-दोन मुठी पुरे.

चारा मातीवर टाकू नका. आठवड्यातून एकदा चार-पाच लेंड्या पारदर्शक बरणीत पाण्यात कुस्करून दहा मिनिटं ठेवा. तळाशी वाळू बसली तर समजा पोटातही बसतेय. मी ही बरणी पागेच्या खिडकीतच ठेवतो.

थंडीत घोडी पाणी कमी पिते, आणि आपल्या हिशेबात तेव्हाच तिचं पोट जड असतं. पहाटेचं पाणी कोमट करून द्या, चंदी भिजवून द्या. बादली मोजून भरा. रेवा रोज तीन बादल्या प्यायची. ज्या दिवशी दोनवर थांबली त्या दिवशी मी तिला अर्धा तास जास्त चालवायचो आणि लेंड्या मोजायचो. दात वर्षातून एकदा घासून घ्या. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, फीतकृमीसकट. धनुर्वाताचा बूस्टर विण्याआधी चार ते सहा आठवडे.

आधीच गाभण असताना ऑपरेशन झालेल्या घोडीबद्दल एवढंच सांगतो: आतड्यातलं विष रक्तात गेलं की गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक खाली येतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर ते बाहेरून देतात. घरी आणल्यावर सोनोग्राफी लवकर करा आणि नंतरही करत राहा. आज ठोका दिसला म्हणून उद्याची खात्री धरू नका.

शेवटचे तीन महिने

नवव्या महिन्यात हर्निया पुन्हा मोजा. रेवाची दोन बोटं तीन झाली, मग थांबली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमच्या खोगीरवाल्याकडून रुंद पोटपट्टा शिवून घेतला. तो दिवसातून दोनदा सोडून खालची कातडी बघायचो, ओली राहिली की लगेच फोड येतात.

जड घोडीच्या पोटाखाली सूज येतेच. बोट दाबलं की खड्डा पडतो, दुखत नाही, चालवलं की उतरते. ही साधी सूज. पण सूज एका रात्रीत आली, एका बाजूला जास्त आहे, हात लावल्यावर घोडी कान मागे टाकते, कास पुढे सरकल्यासारखी दिसते किंवा सड पिळल्यावर दुधात रक्त येतं, तर पोटाची भिंत सुटायला लागली असं धरा. घोडी हलवू नका, पट्टा घट्ट बांधा, डॉक्टरला तिथेच बोलवा.

पोटशूळ आणि विण्याच्या कळा सुरुवातीला हुबेहूब सारख्या दिसतात: पाय आपटणं, कुशीकडे बघणं, बसणं-उठणं, घाम. आठव्या महिन्यापासून पुढे गर्भाशयालाच पीळ पडू शकतो, तोही असाच दिसतो. मी असा फरक करतो. कास भरलीय का, सडांवर मेणासारखे थेंब आलेत का, दिवस भरलेत का? तिन्ही नाहीत तर त्या कळा नव्हेत. मग डाव्या कोपरामागे कान लावून किंवा जबड्याखालची नस धरून ठोके मोजा. शांत घोडीचे मिनिटाला २८ ते ४४, जड घोडीचे थोडे जास्त. ६० च्या वर गेले तर कारण शोधत बसू नका. हिरड्या बघा, लालभडक किंवा जांभळट झाल्या असतील तर मिनिटं मोजायची वेळ आहे. आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक टोचू नका. वेदना दबते, पीळ तसाच राहतो, आणि डॉक्टर येईपर्यंत घोडी फसवी शांत दिसते.

या तीन महिन्यांत दोन कामं दिवसाउजेडी करून ठेवा. गाडी ठरवा आणि घोडीला तिच्यात चढायची सवय लावा. घोड्याचं पोट उघडणारी रुग्णालयं थोडी आहेत, बहुतेक रेसकोर्स आणि मोठ्या स्टड फार्मच्या शहरांजवळ. तुमच्या पागेपासून तिथे पोचायला किती तास लागतात ते एकदा जाऊन बघा. आणि घरच्यांसोबत बसून ठरवा की वेळ आलीच तर दुसरं ऑपरेशन करायचं की नाही. पैसा, घोडीचं वय, तिचे हाल, सगळं धरून. हा निर्णय रात्री दोन वाजता, लोळणाऱ्या घोडीशेजारी उभं राहून घेऊ नये.

विण्याची रात्र

रात्री पावणेदोनला घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारानं दार वाजवलं. "दादा, मेण गळालं, दूध टपकतंय. उठा."

पाणी फुटलं की घड्याळ बघा. शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला हवं. शिवलेल्या पोटाच्या घोडीला नेटानं कळ देता येईलच असं नाही, म्हणून डॉक्टर आधीच पागेत हवा, फोनवर नाही. दोन पाय, एक थोडा पुढे एक मागे, त्यावर नाक, असं दिसलं तर बरोबर. ओढायचंच असेल तर घोडी कळ देईल तेव्हाच, तिच्या मागच्या खुरांच्या दिशेनं खाली. ती थांबली की तुम्हीही थांबा. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी आली, तर वार सुटलीय आणि शिंगराचा श्वास तुटतोय. ती तिथल्या तिथे कापा, शिंगरू बाहेर घ्या. तेव्हा कळीची वाट बघायची नाही.

पुढचा हिशेब तोंडपाठ करा: तासात शिंगरू उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार बाहेर. तीन तासांनंतरही वार लोंबत असेल तर ओढू नका, डॉक्टरला सांगा. चीक पहिल्या सहा तासांत पोटात जायलाच हवा. रेवाचं शिंगरू पन्नासाव्या मिनिटाला उभं राहिलं, तीनदा पडलं, चौथ्यांदा तिच्या पुढच्या पायांत सड शोधू लागलं. मोतद्दारानं त्याला कुशीनं हळूच मागे वळवलं.

व्याल्यानंतरचे नव्वद दिवस

इथे लोक गाफील होतात. शिंगरू बागडतंय, पेढे वाटून झाले, रात्रीची राखण सुटते. नेमका हाच काळ मोठ्या आतड्याला पीळ पडण्याचा. पोटातून शिंगरू, पाणी, वार असं मोठं ओझं एकदम निघून गेलेलं असतं, आतड्याला हलायला जागा झालेली असते, आणि त्याच वेळी "दूध वाढावं" म्हणून मालक चंदी दुप्पट करतो. करू नका. चंदी दोन-तीन आठवड्यांत पायरीपायरीनं वाढवा, चारा कायम पुढ्यात ठेवा, पाणी दुप्पट लागेल ते पुरवा. घोडी रोज मोकळी सोडा, दिवसभर ठाणबंद ठेवू नका.

पहिल्या दिवशी वार पडताना थोड्या कळा येणारच. पण त्यानंतर शिंगराला पाजता पाजता घोडी सारखी आडवी होते, पोट फुगतंय, ठोके चढलेत, तर गाडीला फोन आधी आणि डॉक्टरला नंतर. या पिळात तास हातचे जातात. शिंगरालाही सोबत न्या, त्याला सोडून घोडी गाडीत उभी राहणार नाही.

मी पागेच्या भिंतीवर नव्वद चौकटी आखल्या होत्या. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी: लेंड्या, बादल्या, सकाळचे ठोके, खाल्लं की सोडलं. एकविसाव्या दिवशी "अर्धा तोबरा सोडला" असं लिहिलंय. त्या रात्री तीन वेळा उठून मोजलं, ठोके ४४, ४०, ४०.

सातव्या ते बाराव्या दिवशी घोडी पुन्हा माजावर येते. लोक म्हणतील लावून टाका, वर्ष वाचेल. या घोडीला तो माज सोडा. पोटाची भिंत नुकतीच ताणलेली असते, आणि आतड्याच्या धोक्याचे दिवस तर सुरूच झालेले असतात. रेवाला मी तो अख्खा मोसम रिकामी ठेवली. शिंगरू सहाव्या महिन्यात दुधावरून तोडलं, तेव्हा हर्निया पुन्हा मोजला. तीन बोटं होती ती परत दोनवर आली होती.